शेगडीचं मेज

माद्रिद, ९ नोव्हेंबर २००३

प्रिय विसी,

मासिक आज हातात पडलं. चौदा पानं! मुखपृष्ठावर आपल्या आईचं घर. लांबलचक पांढरी भिंत, काचेपलीकडे नांगरलेली पिवळट जमीन, आणि एका कडेला आई, पाठमोरी. खाली छापलंय, ‘सातुर्निनाबाईंसाठी घर, वाल्देसिएर्सो. वास्तुकार: लेआंद्रो कुएस्ता.’ माझ्या वर्गातली पोरं अजून दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जिन्याच्या पायऱ्या काढत बसली आहेत आणि मी चौतिसाव्या वर्षी मुखपृष्ठावर! तुझ्याशिवाय कुणापाशी एवढं मिरवता येत नाही, म्हणून तुझ्याशी मिरवतोय.

दुसरी बातमी त्याहून मोठी. याच घराच्या जोरावर विद्यापीठानं मला सहायक शिक्षक म्हणून घेतलं. आता दर एप्रिलला तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसनं घेऊन मी गावात येणार, घर दाखवायला. आईला सांग, काही करायचं नाही, फक्त नेहमीसारखं राहायचं.

एकच विनंती. जुन्या घरातलं ते शेगडीचं गोल मेज, खाली निखारे आणि वरून जमिनीपर्यंत शाल लोंबणारं, ते कुणाला तरी देऊन टाका. मी सबंध घर एकच खोली ठेवलंय, आत एकही दार नाही, ते कशासाठी? आईनं सगळ्या घरात वावरावं म्हणून. ते मेज असलं की माणूस ऑक्टोबरात त्याच्याखाली पाय घालतो तो एप्रिलमध्येच उठतो. बाबांनी सबंध म्हातारपण तसंच काढलं.

आई रमली का? फोनवर ‘छान आहे, छान आहे’ एवढंच म्हणते. तू खरं सांग.

तुझा लेआंद्रो

*

वाल्देसिएर्सो, २ डिसेंबर २००३

प्रिय मुखपृष्ठ,

तुझ्या अंकाच्या तीन प्रती मी औषधाच्या दुकानात ठेवल्यात, खोकल्याच्या औषधाशेजारी. पाद्रीबाबांनी सगळी पानं चाळली आणि विचारलं, ‘पण यात लोक झोपतात कुठे?’ मी म्हटलं, भिंतीच्या मागे. ‘आणि भिंतीला दार?’ मी म्हटलं, नाही. ते ‘देवा’ म्हणाले आणि गोळ्या घेऊन गेले.

हे पत्र मी दुकानातूनच लिहिते आहे. यापुढेही पत्रच लिहीन. घरून फोन केला तर माझा शब्द न् शब्द आईला ऐकू जातो, आणि तिचा मला. परवा मी नाक शिंकरलं तर त्या टोकाकडून ती म्हणाली, ‘लिंबू घे.’ दिवसभर दुकानात माणसं आणि घरी आल्यावर दारच नाही. नवऱ्यापासून सुटून आईकडे आले ती काही मठात राहायला नाही रे.

आई बरी आहे. सकाळी काचेपाशी उभी राहून शेत बघते. तू जमिनीखालून जी ऊब फिरवली आहेस ती चांगली आहे, पण छत एवढं उंच, की ऊब सगळी वर जाऊन बसते, आणि तिथे कुणी राहत नाही. एखादं दार बसवता येईल का? छोटंसं, मागच्या बाजूला? नुसतं विचारते आहे.

मेज ओनोरिनाकडे नेलंय. शेजारीच तर आहे ती.

विसी

*

माद्रिद, २० डिसेंबर २००३

विसी,

दार नाही. रागावू नकोस, पण तू लिहितेस ते वाचून मला हसू आलं. एका दारानं ते घर दोन घरं होईल, आणि मग दोन्ही वाईट होतील. माणसाला घराची सवय व्हायला दोन हिवाळे लागतात. आई आपल्यापेक्षा चिवट आहे.

मेजाचं ऐकून बरं वाटलं. मी वर्गात हेच सांगितलं: माझ्या आईनं सदुसष्टाव्या वर्षी शेगडीचं मेज सोडलं. मुलांनी बाकं वाजवली.

नाताळला येतो. बदामाची मिठाई आणतो.

लेआंद्रो

*

वालपराईसो, ३ जून २०१२

प्रिय विसी,

इथे हिवाळा सुरू झालाय आणि समुद्र सारखा खिडकीवर येतो. चिलीत वास्तुकारांना अजून काम आहे, स्पेनमध्ये कुणालाच नाही. माद्रिदची कचेरी बंद केली हे तुला आईकडून कळलं असेल. सहा जण होते, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून नकाशांच्या पेट्या खाली उतरवल्या आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवलो. आमच्या वाचनालयाचं अर्धं बांधकाम तसंच उघडं पडलंय, लोखंडी गज आकाशाकडे बघत. आरोग्यकेंद्र तर कागदावरच राहिलं.

इथे शिकवायला मिळालं ते कशामुळे, सांगू? आईच्या घरामुळेच. विभागप्रमुख बाईंनी नाव ऐकताच म्हटलं, ‘ती दार नसलेली आई!’ मी इथे वर्गात तेच घर शिकवतो. बाकी जे काही केलं ते लोक विसरले, किंवा अर्धं राहिलं. ते एक पुरं आहे. रात्री झोप आली नाही की मी डोक्यात त्या घरातून चालत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अडवायला काही नाही.

यंदा एप्रिलमध्ये माझ्या जागी दुसरा शिक्षक मुलांना घेऊन आला असेल. आईनं नीट दाखवलं ना? तुम्ही कशा आहात ते लिही. तू हल्ली फार थोडं लिहितेस.

लेआंद्रो

*

वाल्देसिएर्सो, २९ जून २०१२

प्रिय लेआंद्रो,

मुलं आली होती. चाळीस जण. आईनं नीट दाखवलं. आता तिला तुझं सगळं पाठ झालंय: ‘इथे प्रकाश सकाळी जमिनीला टेकतो, दुपारी भिंतीवर चढतो.’ अगदी तुझ्याच आवाजात. एका मुलीनं विचारलं, थंडी वाजत नाही का? आई म्हणाली, ‘कास्तिल्यात थंडी सगळीकडेच वाजते, बाळ.’

आम्ही बऱ्या आहोत. घर छान आहे. तू जेवत जा. समुद्रावरचे लोक मासे खातात म्हणे, तू मसुराची आमटी शोध.

विसी

*

माद्रिद, १४ नोव्हेंबर २०२१

प्रिय विसी,

दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत, तेव्हा आधी खुर्ची ओढून बस.

पहिली. पूर्ण प्राध्यापकाची जागा निघाली आहे. इतकी वर्षं वाट पाहिली, आता मार्चमध्ये पाच जणांच्या समितीपुढे उघड्या दालनात उभं राहायचं आणि आपलं सबंध आयुष्य दोन तासांत मांडायचं. विद्यार्थी, प्रतिस्पर्धी, कुणीही येऊन बसू शकतं. माझ्या मांडणीच्या मध्यभागी आईचं घर आहे. ते काढलं तर माझ्याकडे एक अर्धं राहिलेलं वाचनालय, एक व्यायामशाळा आणि पुष्कळ व्याख्यानं उरतात.

दुसरी. ते घर संरक्षित वास्तू म्हणून नोंदवावं असा अर्ज मी केला होता, आणि प्रांताची माणसं फेब्रुवारीत पाहणीला येणार आहेत. नोंद झाली की त्या घरात परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकता येणार नाही. कायमचं. मी गेल्यावरही. समितीपुढे हे किती वजनदार ठरेल ते तुला सांगायला नको.

तेव्हा फेब्रुवारीपर्यंत सगळं मूळ छायाचित्रासारखं असू द्या. आईची तब्येत कशी आहे? फोनवर म्हणते, ‘छान आहे.’

तुझा लेआंद्रो

*

वाल्देसिएर्सो, ६ डिसेंबर २०२१

लेआंद्रो,

खुर्ची ओढली. आता तूही ओढ.

‘कायमचं’ हा शब्द मी चार वेळा वाचला. आई पंच्याऐंशीची आहे. तिची बोटं वाकडी झाली आहेत, गुडघे रात्री दुखतात. पाच महिने इथे थंडी असते, आणि तू सरकारी शिक्का मारून ती थंडी कायम करायला निघाला आहेस. म्हणून आता सांगते. झाकली मूठ मी फार दिवस झाकून ठेवली.

मेज ओनोरिनाकडे कधी गेलंच नाही. म्हणजे जायचं, वर्षातून एकदा, तुझी मुलं यायच्या आदल्या दिवशी. एक बाजू आई धरायची, एक ओनोरिना, शेगडी मी. तुमची बस चर्चच्या वळणाआड गेली की तिघी मिळून परत आणायचो. बाकी सगळं वर्ष ते तुझ्या घराच्या मागच्या कोपऱ्यात असतं, जिथे तू लाकडं रचायची जागा केली आहेस तिथे. दोन्ही बाजूंना आम्ही गोधड्या टांगतो. आई तिथे जेवते, तिथे टीव्ही बघते, चार वाजता ओनोरिना येते तेव्हा दोघी तिथे पत्ते खेळतात आणि एकमेकींना लबाड म्हणतात. हिवाळ्यात तुझं बाकीचं सगळं घर रिकामं असतं, आणि त्या गोधड्यांच्या आत दोन म्हाताऱ्या.

तुमची बस एकदा तासभर आधी आली होती, आठवतं? मेज गल्लीच्या मध्यावर, आईच्या हातात. तू बसमधून उतरलास, कोट काढलास आणि आईच्या बाजूनं धरलंस. तुला वाटलं ओनोरिनाचं मेज आहे, दुरुस्त होऊन आलंय. तूच ते तिच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलंस आणि मुलांना म्हणालास, ‘बघा, घरं बदलतात पण शेगडी शोधणारे पाय बदलत नाहीत.’ सगळे हसले. आईही हसली. मग तिनं सगळ्यांना आपल्याच मेजावर, परक्या घरात, कॉफी पाजली.

तू चिलीला होतास तेव्हा सांगणार होते. तुझं ते पत्र आलं, रात्री डोक्यात घरातून चालतोस म्हणून, आणि मला धीर झाला नाही. नंतर तू परत आलास, मोठा झालास, आणि मग ते सांगायचं राहूनच गेलं. गेली दोन वर्षं साथीमुळे मुलं आली नाहीत, मेज जागचं हललं नाही. यंदा आईला म्हटलं, एप्रिलमध्ये पुन्हा न्यावं लागेल. तिनं मेजाची कड धरून बघितली आणि सोडून दिली. तिला ते आता उचलता येत नाही, लेआंद्रो.

फेब्रुवारीच्या आत त्या कोपऱ्याला भिंत आणि एक दार हवं. मी अठरा वर्षांपूर्वी मागितलं होतं तेच. नाही तर मी तिला शहरात भाड्याच्या घरात घेऊन जाते, आणि तुझ्या संरक्षित घरात सरकारनं राहावं.

विसी

*

माद्रिद, १५ डिसेंबर २०२१

विसी,

पत्र मिळालं.

अठरा वर्षं मी वर्षाला दीडशे मुलांपुढे उभा राहून सांगतोय की माझी आई त्या घरात मोकळी वावरते. त्यातली काही आता स्वतः शिकवतात, आणि तेच सांगतात. तुम्ही तिघींनी मला गावाचा जोकर केलंत, आणि कॉफीही पाजलीत.

मार्चपर्यंत काही बदलू नका. नंतर बघू.

नाताळला येत नाही.

लेआंद्रो

*

वाल्देसिएर्सो, ८ जानेवारी २०२२

लेकरा,

तुझी आई लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस, बोटं ऐकत नाहीत. विसीनं तुला काय लिहिलं ते तिनं मला सांगितलं, आणि तू काय लिहिलंस तेही. मी तिला रागावले. तुलाही रागावणार आहे, पण आधी दुसरं सांगते.

नाताळला तुझी खुर्ची मांडली होती. कोकरू जरा जास्तच भाजलं गेलं, तुझं काही हुकलं नाही.

विसीला वाटतं मी तुझ्यासाठी सोसलं. आता तुलाही तसंच वाटत असेल. तुम्ही दोघं मला उगाच संत करू नका. मेज मी लपवलं ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला लाज वाटायची. पालेन्सियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि विचारलं, ‘तुम्हीच ना त्या, मासिकातल्या?’ सगळी रांग वळून बघायला लागली. दहाव्या वर्षापासून मी मेंढ्या राखल्या, मला कुणी कधी वळून पाहिलं नव्हतं. मला फार आवडलं ते. मग माद्रिदची पोरं यायची, चांगल्या कपड्यांतली, आणि त्यांनी मला गोधडीमागे शालीत पाय घालून बसलेली पाहावं, हे मला नको होतं. प्राध्यापकाच्या आईला शोभत नाही असं वाटायचं. तू मला काही सांगितलं नव्हतंस तसं. माझं मीच ठरवलं.

आणि घर मला आवडतं. कुणी विचारलं तर सांग. जूनमध्ये संध्याकाळी मी काचेपाशी उभी राहते, बाबांचं खळं होतं तिथेच, आणि गहू थेट पायापर्यंत येतो. असं घर या गावात कुणाला नाही. पण लेकरा, मी जानेवारीतही असते.

आता रागावते. विसीशी असं बोलायचं नाही. ती माझ्याजवळ राहिली म्हणून तू जगभर हिंडलास.

मी तुला घर मागितलं नव्हतं. तुझ्या मनात आलं, तू बांधलंस, मी किल्ली घेतली. आता मागते. मला एक लहान खोली हवी, उबेची, दार लागणारी, त्यात माझं मेज मावलं पाहिजे आणि ओनोरिनाची खुर्ची, ती जाड आहे. मला मरायचं ते याच घरात, शहरात नाही. तू मोठा वास्तुकार आहेस म्हणतात. तुला जमेल.

आई

*

वाल्देसिएर्सो, ३० जानेवारी २०२२

प्रिय लेआंद्रो,

तुझी टोपी राहिली आहे इथे. पाठवते.

मंगळवारी तू दारात उभा राहिलास तेव्हा मला वाटलं भांडायला आला आहेस. माझी तयारी होती, चांगली चार वाक्यं मी आठवडाभर घोकली होती. तू काही बोलू दिलं नाहीस. सरळ मागे गेलास, गोधडी बाजूला केलीस, ओनोरिनाच्या खुर्चीत बसलास आणि शाल मांडीवर ओढलीस. आई म्हणाली, ‘पाय शेगडीवर नको ठेवू, चप्पल जळेल.’ बस, एवढंच झालं तुमचं बोलणं. मग लसणाचं सूप, मग मसूर, मग तू तिथेच डोकं भिंतीला टेकवून झोपलास. तोंड उघडं टाकून. माद्रिदची गाडी निघून गेली तरी आईनं उठवू दिलं नाही. मला कुजबुजत म्हणाली, ‘या घरात त्याला असा गाढ झोपलेला मी आज पहिल्यांदा बघते आहे. येतो तेव्हा नुसता भिंतींकडे बघत असतो.’

चार वाजता ओनोरिना आली, तुला तिच्या खुर्चीत पाहून स्टुलावर बसली, आणि दोघी तुझ्या घोरण्यावर पत्ते खेळल्या. ओनोरिना हरली. म्हणते, तुझ्यामुळे.

उठल्यावर तू टेप काढलीस ते मला खरं वाटेना. आईला विचारत होतास: खिडकीतून बसल्या जागेवरून कुठवर दिसायला हवं? दार कोणत्या हातानं उघडतेस? उठताना कशाला धरतेस? ती पहिल्यांदा लाजली, आणि मग सुटली जी सुटली. खिडकीला पडदा हवा, पडद्याला लेस हवी. लेस ऐकून तुझा चेहरा असा झाला की मी दुकानात अजून एकटीच हसते.

तुझ्या मनात मार्चचं काय आहे ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण आता विचारते. प्रांताची माणसं तीन आठवड्यांत येणार. त्याआधी भिंत उभी राहिली तर तुझी नोंद जाईल, आणि बहुतेक ती जागाही. आई म्हणते, ‘आधी त्याचं होऊ दे, मी काढला एवढा तर अजून एक हिवाळा काढीन.’ मी तसं म्हणत नाही. मला माहीत आहे पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नाही. पण ठरवायचं तू.

विसी

*

माद्रिद, ४ फेब्रुवारी २०२२

विसी,

नोंदीचा अर्ज आज मागे घेतला. प्रांताच्या कचेरीतल्या बाईंनी तीन वेळा विचारलं, ‘नक्की?’

सोबत नकाशे आहेत. भिंत लाकडाची, छतापर्यंत नेलेली नाही. खोलीला स्वतःचं बुटकं छत दिलंय, हात वर केला तर लागेल एवढं. दार डाव्या हाताचं. आईला दाखव, आणि ती जे म्हणेल ते लाल पेन्सिलीनं वरच लिही. पलीकडच्या गावच्या सुताराला मी फोन केलाय, सोमवारी येतो.

लेसबद्दल मला अजून काही म्हणायचं आहे, पण म्हणणार नाही.

आणि डिसेंबरात जे लिहिलं त्याबद्दल: आई बरोबर आहे. तू तिथे राहिलीस म्हणून मी हिंडलो. हे मी तुला कधीच म्हटलं नाही, आणि समोरासमोर मला म्हणता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझा लेआंद्रो

*

माद्रिद, २४ मार्च २०२२

प्रिय विसी,

नाही मिळाली.

तीन विरुद्ध दोन. जागा आ कोरुन्याच्या एका बाईंना गेली. तिनं बांधलेले मासळीबाजार मी पाहिलेत, चांगले आहेत, माझ्या व्यायामशाळेपेक्षा नक्कीच. मी तिचा हात हातात घेतला आणि खरोखर अभिनंदन केलं. मग प्रसाधनगृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

दालन भरलं होतं. मी आईचं घर दाखवलं, मासिकातलं, तेच मुखपृष्ठ. मग पुढचं चित्र लावलं: सुतारानं परवा पाठवलेला फोटो, अर्धी भिंत, लाकडाचा भुसा, आणि मध्ये मेज. सांगितलं की हे मेज दर एप्रिलला शेजारी जात होतं, आणि एकदा मी स्वतः ते नेलं. मागच्या बाकांवर माझे जुने विद्यार्थी होते, त्यातल्या दोघांनी त्या दिवशी ओनोरिनाकडे कॉफी घेतली होती. हसू फुटलं.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, ‘म्हणजे गेली अठरा वर्षं आपण जे शिकवलंत ते चूक होतं?’ मला माहीत होतं, ‘तसं नाही’ म्हणून दहा मिनिटं सुंदर बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच तर केलंय. मी म्हटलं, ‘अर्धं. उन्हाळ्याचं बरोबर होतं.’ त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अशी जागा निघेल असं वाटत नाही, आणि त्यानंतर निघाली तर मी साठीकडे झुकलेला असेन. दुःख झालंय, विसी. खोटं सांगत नाही. या पदासाठी मी कितीतरी रविवार घालवले. आईला हळू सांग. तिला वाटेल तिच्यामुळे गेली. तसं नाही म्हणून सांग. आणि तसं असलं तरी, मी पुन्हा तेच करीन म्हणून सांग.

एप्रिलच्या सहलीला मी मुलांबरोबर येत नाही. लोक हळहळतात ते ऐकायला नको वाटतं. तरुण सहायक येईल.

तुझा लेआंद्रो

*

वाल्देसिएर्सो, २९ एप्रिल २०२२

प्रिय लेआंद्रो,

मुलं काल येऊन गेली. तू नव्हतास ते बरंच झालं. तू असतास तर मध्येमध्ये बोलला असतास.

जागेचं मी आईला हळूच सांगितलं होतं, तू म्हणालास तसं. तिनं पत्ते खाली ठेवले. दोन दिवस ती पत्ते खेळली नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं. मी बाहेर उभी. काही म्हणजे काही ऐकू येईना. लेआंद्रो, तुझ्या घरात मला पहिल्यांदा आई काय करते आहे हे कळत नव्हतं, आणि मी घाबरले. बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे लाल. म्हणाली, ‘झालं माझं. आता जेवायला वाढ.’ तिला इतक्या वर्षांत रडायलासुद्धा जागा नव्हती रे. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

काल सकाळी थंड वारा सुटला होता, एप्रिल असून. ओनोरिना सवयीनं आठ वाजता हजर, बाह्या वर करून, मेज उचलायला. आई म्हणाली, ‘बस खाली.’ मी औषधाच्या दुकानाला कुलूप लावून आले होते, मलाही तसंच म्हणाली. तिघी बसलो. शेगडी लावली. बस आली तरी आई उठली नाही.

मुलं आधी मोठ्या घरातून फिरली, काचेपाशी फोटो काढले, तुझी वाक्यं तुझ्या सहायकानं म्हटली. मग एका मुलीला मागचं दार दिसलं. तिनं टकटक केली. या घरात कुणी टकटक केलेली मी पहिल्यांदा ऐकली. आई म्हणाली, ‘या, पण दार लावा, ऊब जाते.’ एका वेळी चौघं-पाचजणंच मावत होती. एक बाहेर पडला की दुसरा आत. आतल्यांना निघावंसंच वाटेना, सहायक बिचारा बाहेरून हाका मारत होता. एक पोरगं खाली वाकून शालीखाली डोकं घालून शेगडी बघत होतं, आईनं त्याच्या पाठीत हलकीच चापट मारली. लेसच्या पडद्याचं दोघांनी चित्र काढलं. रागावू नकोस.

ज्या मुलीनं टकटक केली होती ती शेवटपर्यंत थांबली. छताला हात लावून बघितला, दार उघडून-मिटून बघितलं. तिला ठाऊक होतं, पुस्तकात हे नाही. म्हणून तिनं आईला विचारलं, ‘आजी, मोठं घर तर प्राध्यापक कुएस्तांचं. पण ही खोली कुणी केली?’

आईनं हातातला पत्ता टाकला, डाव जिंकला, आणि मग मान वर केली.

‘माझ्या मुलानंच,’ ती म्हणाली. ‘जरा उशिरा केली.’

विसी